पुणे आता राहायला सुरक्षित उरलंय का?

जाईजुई (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात रात्री दीडच्या सुमाराला आमच्या गल्लीत आठ-दहा पोरं कोयते घेऊन आली आणि दहा मिनिटांत चौदा गाड्या फोडून गेली. तीन रिक्षा, शाळेची एक व्हॅन, बाकी दुचाक्या. त्यात माझी स्कूटर. खिडकीतून पाहणाऱ्या माझ्या सासऱ्यांना एकानं कोयता दाखवला आणि "आत हो म्हाताऱ्या" असं ओरडला. आम्ही दिवे मालवून पलंगाच्या कडेला बसून राहिलो. ११२ ला फोन केला तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता.

मी याच शहरात जन्मले. १९९० च्या दशकात गणपती बघून आम्ही मैत्रिणी पहाटे तीनला चालत घरी यायचो आणि आई दार उघडून फक्त "पाय धुऊन या" म्हणायची. आज माझी सतरा वर्षांची मुलगी नऊला क्लासवरून सुटते, तर साडेआठपासून माझं लक्ष घड्याळाकडे असतं.

आठवून बघा. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर सकाळी मुलीवर कोयता उगारला गेला. जानेवारी २०२४ मध्ये कोथरूडला गुंड शरद मोहोळचा भरदिवसा खून. त्याच वर्षी १ सप्टेंबरला नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांच्यावर गोळ्या आणि कोयते. महिन्याभरात बोपदेव घाटात तरुणीवर सामूहिक बलात्कार. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटच्या एसटी स्थानकात, उभ्या बसमध्ये बलात्कार. हे सगळं दोन वर्षांच्या आतलं आहे.

माझं मत स्पष्ट आहे, हे शहर साध्या माणसाला सुरक्षित राहिलेलं नाही. कुणाला वेगळं वाटत असेल तर का वाटतं ते जरूर सांगा.

आकडेमोड

ताई, तुमच्या घरच्यांना जे सोसावं लागलं ते वाईट आहे आणि त्यावर वाद नाही. वाद तुमच्या शेवटच्या वाक्याशी आहे.

पूर्वीचं पुणे सुरक्षित होतं, ही आठवण आपण फार निवडून जपतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात जोशी-अभ्यंकर हत्याकांडात दहा माणसं गेली. घरात शिरून, गळा आवळून. मारणारे कॉलेजात शिकणारे तरुण होते. चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. माझे वडील सांगतात, अंधार पडला की पेठांमधले रस्ते ओस पडायचे आणि दारावर थाप पडली की आधी आतून नाव विचारायचे. तेव्हा पुणं आजच्या मानानं किती लहान होतं! २००७ मध्ये बीपीओत काम करणाऱ्या मुलीला कंपनीच्याच गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं मारलं. २०१० मध्ये जर्मन बेकरीत स्फोट होऊन सतरा जण गेले. २०१३ मध्ये ओंकारेश्वराच्या पुलावर डॉ. दाभोलकरांना सकाळी फिरताना गोळ्या घातल्या. यातलं कोणतं वर्ष तुम्ही "सुरक्षित" म्हणाल?

दुसरी गोष्ट छेदाची, म्हणजे गुन्ह्यांच्या आकड्याला ज्यानं भागायचं त्या लोकसंख्येची. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती. त्यानंतरची २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. मधल्या काळात २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. गुन्हे दीडपट झाले आणि माणसंही दीडपट झाली, तर तुमचा-माझा धोका होता तिथेच राहतो. हा छेद धरल्याशिवाय "वाढले, वाढले" म्हणण्याला अर्थ नाही.

आणि तुमच्या यादीतले दोन खून टोळ्यांच्या आणि घराण्यांच्या आपसातल्या वैराचे आहेत. शरद मोहोळला त्याच्याच साथीदारांनी मारलं. त्या वैरात नसलेल्या माणसाला पुण्यात जिवाचा सर्वात मोठा धोका रस्त्यावर आहे. शहरात वर्षाला जेवढे खून होतात, त्याहून कितीतरी जास्त माणसं अपघातात जातात. कल्याणीनगरचा मे २०२४ चा अपघात आठवतो, कारण गाडी महागडी पोर्श होती. बाकीच्यांची नावं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाहीत.

जाईजुई

"आपसातलं वैर" हे ऐकून ऐकून मी थकले आहे. माझी स्कूटर कोणत्या टोळीत होती? त्या व्हॅनवाल्या काकांचं कुणाशी वैर होतं? दोन गटांना एकमेकांना दाखवायचं असतं की ही गल्ली आमची, आणि दाखवण्यासाठी काचा आमच्या फुटतात. नाना पेठेतल्या त्या खुनानंतर वर्षभरानं, गणेशोत्सव चालू असताना, त्याच खटल्यातल्या एका आरोपीच्या कोवळ्या मुलाला इमारतीच्या पार्किंगमध्ये गोळ्या घातल्या. त्या इमारतीत इतर कुटुंबंही राहतात. त्यांची मुलं त्याच पार्किंगमधून सायकली काढतात. त्यांनी छेद कसा धरायचा, सांगा.

रात्रपाळी

मी परभणीची. सात वर्षं पुण्यात आहे, हिंजवडीत कामाला. ताई, मला तुमचं दुःख कळतं, पण मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे.

आमच्या गावाकडं संध्याकाळी सातनंतर बाहेर पडायचं तर भाऊ सोबत लागायचा. गुन्हे व्हायचे म्हणून नव्हे, लोक काय म्हणतील म्हणून. इथं मी रात्री दोनला कॅबमधून उतरते, कोपऱ्यावर चहाची टपरी सुरू असते, टपरीवाला मान हलवतो, मी वर जाते. मला या शहरानं रात्र दिली. त्याची किंमत ज्यांना ती आधीपासून होती त्यांना कळणार नाही.

आणि हे आपोआप झालेलं नाही. वर आकडेमोड यांनी २००७ चं प्रकरण सांगितलं. त्यानंतर नियम आले: रात्री कॅबमध्ये पहिली चढणारी आणि शेवटी उतरणारी बाई एकटी नको, असेल तर सोबत सुरक्षारक्षक पाहिजे. आज मी ज्या गाडीत बसते तिच्यातला रक्षक त्या मुलीमुळं आहे, हे मला रोज आठवतं. तिला मारणाऱ्या दोघांची फाशी मात्र २०१९ मध्ये हायकोर्टानं रद्द केली, कारण दयेच्या अर्जापासून पुढचं सगळं काम सरकारी टेबलांवर रखडलं होतं. ती जन्मठेपेत, म्हणजे पस्तीस वर्षांच्या शिक्षेत बदलली. मला राग गुन्ह्याइतकाच त्या रखडण्याचा येतो.

भीती मला एकाच ठिकाणी वाटते. मी राहते तो भाग नव्यानं महापालिकेत आलेल्या गावातला. मुख्य रस्त्यापासून सोसायटीपर्यंत अर्धा किलोमीटर दिवा नाही. कॅब आत येत नाही, रस्ता खोदलेला असतो. त्या अर्ध्या किलोमीटरसाठी मी रोज फोनवर आईशी बोलते. आई झोपेत बोलते. शहर असुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. तो अर्धा किलोमीटर असुरक्षित आहे.

बाणेरकर

दिवे लावा, नियम करा, हे सगळं ठीक. पण मूळ प्रश्नाला कुणी हात घालत नाही. कोयता घेऊन फिरणारी बरीच पोरं अल्पवयीन असतात आणि त्यांना ते माहीत असतं. "काय होणार, सुधारगृहात जाऊ, दोन महिन्यांत बाहेर." माझ्या दुकानासमोर एकानं हे शब्द उच्चारलेले मी स्वतः ऐकले आहेत. सोळा वर्षांच्या मुलाला कोयता कुठं मारायचा हे कळतं, तर शिक्षा काय हेही कळलं पाहिजे. वय चौदावर आणा. पकडलं की त्याच गल्लीतून धिंड काढा. पोलीस हल्ली काढतात ते योग्यच करतात. दहशत जिथं माजवली तिथंच उतरली पाहिजे.

शाळामास्तर

मी महापालिकेच्या शाळेत एकवीस वर्षं शिकवतो, शाळा वस्तीला लागून आहे. बाणेरकर, तुम्ही ज्या पोरांविषयी बोलताय ती माझ्या वर्गात बसून गेली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं. "अल्पवयीन म्हणजे सुटला" हे २०१५ च्या कायद्यानंतर पूर्ण खरं नाही. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं निर्घृण गुन्हा केला असेल तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक-शारीरिक क्षमता तपासून त्याला प्रौढ म्हणून चालवायला पाठवू शकतं. तरतूद आहे. पण पोरांना ती माहीत नाही, त्यांना भाईनं सांगितलेलं माहीत आहे. भाई मोठा असतो, हुशार असतो, कोयता तो स्वतः धरत नाही. सोळा वर्षांचा पोरगा त्याला स्वस्त पडतो. वय चौदावर आणलंत तर तो तेरा वर्षांचा शोधेल.

आता पोरांचं. माझ्याकडचा एक मुलगा आठवीपर्यंत गणितात चांगला होता. करोनात शाळा बंद झाली, बाप गेला, आई चार घरची कामं करायला लागली. घरात फोन एक, तो आईकडे. पोरगा दिवसभर गल्लीत. शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. मी दोनदा घरी गेलो. तिसऱ्यांदा जायला हवं होतं, गेलो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढं तो दिसला ते एका मोबाइलमधल्या रीलमध्ये. भाईच्या वाढदिवसाचा केक कोयत्यानं कापतायत आणि हा बाजूला उभा राहून हसतोय. त्याच्याकडे बघून पहिल्यांदा कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. सहा महिन्यांनी त्याच्या डोक्यात वार झाले. वाचला, पण उजवा हात नीट उचलत नाही.

आकडेमोड साहेब, तुम्ही म्हणता टोळ्यांची आपसातली भांडणं, साध्या माणसाला धोका नाही. हा पोरगा तुमच्या हिशेबात साधा माणूस आहे की टोळीतला? जाईजुई ताई विचारतात शहर रहिवाशांना सुरक्षित आहे का. आधी रहिवासी कोण ते ठरवा. ज्या गल्लीतून मारणारे येतात, मरणारे बहुतेक त्याच गल्लीतले असतात. तिथल्या आया रात्री साडेआठपासून घड्याळ बघत नाहीत, कारण मुलगा कधीच नऊला येत नाही.

राहता राहिली धिंड. माझ्या शाळेतली पाचवीची पोरं ती खिडकीतून बघतात आणि मधल्या सुट्टीत खेळतात. त्या खेळात कुणालाही पोलीस व्हायचं नसतं.

बाणेरकर

मास्तर, तुमच्या तळमळीला नमस्कार. पण बाप माझाही लहानपणी गेला. मी पेपर टाकले, कोयता नाही उचलला. वस्तीतल्या शंभरातली पंच्याण्णव मुलं गरिबीतच वाढतात आणि सरळ वाटेनं जातात. पाचांसाठी तुम्ही कारणं शोधता तेव्हा त्या पंच्याण्णवांचा अपमान होतो. मला त्यांची काळजी आहे, कारण गाड्या त्यांच्याच फुटतात. रिक्षा कुणाच्या होत्या, विचारा ताईंना.

शाळामास्तर

हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पंच्याण्णवांची बाजू घ्यायला हवी आणि आम्ही शिक्षक ती कमी घेतो. पण त्या पंच्याण्णवांना संध्याकाळी बसायला अभ्यासिका द्या, मैदान द्या, असं कुणी म्हणालं की निधी नसतो. तोपर्यंत त्यांना गल्लीतच उभं राहायचं आहे, त्या पाचांच्या शेजारी.

खाकी_निवृत्त

मी तेहतीस वर्षं नोकरी केली, शिपाई म्हणून भरती झालो आणि उपनिरीक्षक होऊन निवृत्त झालो. इथं सगळे आकड्यांवर भांडताय म्हणून आकडा कसा तयार होतो ते सांगतो.

माणूस चौकीत येतो. त्याचं मंगळसूत्र ओढलं, मोबाइल हिसकावला. दखलपात्र गुन्हा लिहिला तर तपास आला, पंचनामा आला, महिन्याच्या बैठकीत वरून प्रश्न आला की तुमच्याकडं वाढले कसे. म्हणून काही ठिकाणी "हरवल्याचा" दाखला हातात ठेवतात. नाहीतर एनसी, म्हणजे अदखलपात्र. हे मी कुठल्या एका ठाण्याचं बोलत नाही, सगळ्या राज्यातली जुनी सवय आहे. सुप्रीम कोर्टानं ललिताकुमारी खटल्यात २०१३ साली बजावलं की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंदलाच पाहिजे, पर्याय नाही. जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात झिरो एफआयआर, म्हणजे कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची सोय, आणि ऑनलाइन तक्रारही आली. म्हणजे नोंद वाढणारच. वाढायलाच पाहिजे. देशात ज्या राज्यात लोक बिनधास्त ठाण्यात जातात तिथला आकडा मोठा दिसतो. केरळातली शहरं बघा, आकड्यानं वर असतात, म्हणून तिथं माणसं घाबरून राहतात का?

म्हणून आकडा वाढला म्हणजे शहर बिघडलं, असं सरळ होत नाही. आकडा कमी झाला तर मात्र मी आधी ठाण्यातली स्टेशन डायरी बघीन.

तरीपण ताईंची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पुण्यातली पोलिसांची अडचण हद्दीची आहे. शहर आधी वाढतं, पोलीस मागून येतात. पिंपरी-चिंचवडला वेगळं आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला मिळालं, तोवर तो सगळा पसारा पुणे शहर आणि ग्रामीणमध्ये विभागलेला. खराडी, बाणेर, वाघोली, आंबेगाव, नांदेड सिटी, फुरसुंगी, काळेपडळ या सात ठाण्यांना २०२४ मध्ये मुहूर्त लागला. माणसं तिथं दहा-पंधरा वर्षं आधीच राहायला गेली होती. ठाणं नवं झालं तरी पोलीस नवे येत नाहीत, जुन्या ठाण्यातलेच वाटून देतात. त्यात पालखी, गणेशोत्सव, मंत्र्यांचे दौरे. बंदोबस्ताला गेलेला बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचा पोलीस, गल्लीत कसा दिसणार?

संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का आहे, गुंडाला स्थानबद्ध करायला एमपीडीए आहे, तडीपारी आहे. कागदावर हत्यारं भरपूर. पण तडीपार केलेला पोरगा रात्री आईच्या हातचं जेवायला घरी येतो, हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. फक्त ते कळवणारा माणूस उरलेला नसतो. आमच्या वेळी खबर देणारा पानवाला, लॉन्ड्रीवाला प्रत्येक चौकात होता. त्याला माहीत होतं की हवालदार बदलून जाणार नाही. आता कॅमेरे आहेत. कॅमेरा गुन्हा झाल्यावर सांगतो.

धिंडीबद्दल एवढंच. लोक टाळ्या वाजवतात, बरं वाटतं. कोर्टात तिचा उपयोग शून्य. साक्षीदार टिकला, पंच फुटला नाही, आरोपपत्र वेळेत गेलं तर गुंड आत राहतो.

जाईजुई ताई, तुमच्या चौदा गाड्यांची नोंद काय झाली?

जाईजुई

काका, एनसी. प्रत्येकाला वेगळी. मला म्हणाले, विम्यासाठी लागते ना, ही घ्या.

खाकी_निवृत्त

वाटलंच मला. एकेकट्यानं गेलात म्हणून तसं झालं. एका गाडीच्या काचेचं नुकसान लाखाच्या आत असतं, ते एकटं धरलं तर अदखलपात्रात बसतं. पण आठ-दहा जण जमाव करून कोयते घेऊन आले, दहशत माजवली, म्हाताऱ्या माणसाला हत्यार दाखवून धमकावलं, ही वेगळी गोष्ट आहे. त्याला बेकायदा जमाव लागतो, शस्त्र कायदा लागतो, क्रिमिनल लॉ अमेंडमेंटचं कलम ७ लागतं. तो एकच गुन्हा आहे आणि दखलपात्र आहे.

चौदा जण मिळून जा. एकच लेखी अर्ज करा, गाड्यांचे नंबर, वेळ, कुणाच्या कॅमेऱ्यात काय दिसतं ते लिहा. सासऱ्यांना फिर्यादी करा, त्यांनी समोरून पाहिलं आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. नाही घेतला तर तोच अर्ज डीसीपींना, म्हणजे पोलीस उपायुक्तांना, पोस्टानं पाठवा. तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट आहेत. आवाज चढवू नका, पण उठूनही येऊ नका.

प्रभात_रस्ता

मी शहात्तर वर्षांचा आहे. एकटा राहतो, मुलं अमेरिकेत. कोयत्याची भीती मला कधी वाटली नाही, कारण आमच्या इमारतीला फाटक आहे, रखवालदार आहे. माझ्याकडे गुन्हेगार फोनमधून आला. "मुंबई पोलीस बोलतोय, तुमच्या आधारवर पार्सल आलंय," म्हणून तीन दिवस मला कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं. संडासला जातानाही विचारून जायचो. बत्तीस लाख गेले. मुलाला सांगायला आठ दिवस लागले, लाजेनं. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर मला नंतर कळला. पहिल्या तासात फोन केला असता तर काही पैसे गोठवता आले असते म्हणे.

तुमच्या चर्चेत रस्ता सुरक्षित की असुरक्षित हेच चाललं आहे. मी तर घरातच होतो.

आकडेमोड

काका, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. हा प्रकार अलीकडे फार वाढला आहे आणि त्यात कोणतंही शहर सुरक्षित नाही, गावही नाही.

खाकी काकांचा मुद्दा मला पूर्ण पटला. मी नोंदीच्या आकड्यांवर भिस्त ठेवून ताईंना समजावत होतो. ताईंच्या गल्लीत चौदा गाड्या फुटल्या आणि दखलपात्र गुन्ह्यांच्या तक्त्यात त्यांची शून्य नोंद आहे. म्हणजे माझ्या बाजूनं बोलणारा आकडाच मुळात लंगडा आहे. हे मी आधी बोलायला हवं होतं.

तरी एका गोष्टीवर ठाम आहे. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा निघण्याचं प्रमाण देशभरात नव्वद टक्क्यांहून जास्त आहे. सदाशिव पेठेतला तो हल्लेखोरही मुलीच्या ओळखीचाच होता. तिला वाचवायला धावले ते मात्र स्पर्धा परीक्षा देणारे अनोळखी तरुण होते. त्यांनी हातानं कोयता अडवला. "शहर असुरक्षित, मुलींनो घरी बसा" असा निष्कर्ष यातून निघाला तर आपण मुलींना अनोळखी वाचवणाऱ्यांपासून दूर आणि ओळखीच्यांच्या जवळ नेऊ.

जाईजुई

मुलींना घरी बसवा असं मी कुठंही लिहिलेलं नाही. कृपा करून ते माझ्या तोंडी घालू नका. मुलीनं बाहेर जावं म्हणूनच मी हा धागा काढला. आणि स्वारगेटला ओळख लागली का? पहाटेची वेळ, फलटणला निघालेली मुलगी, "ताई" म्हणून हाक मारणारा माणूस, आवारात उभी असलेली रिकामी बस. पोलीस चौकी हाकेच्या अंतरावर. त्या आवारात वापरात नसलेल्या बस कित्येक दिवस तशाच पडून होत्या, हे घटना घडल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. नव्वद टक्के मला मान्य. उरलेल्या दहा टक्क्यांत रिकाम्या बस येतात आणि रात्रपाळी यांचा तो अर्धा किलोमीटर येतो. ते दुरुस्त करता येण्यासारखं आहे, म्हणून मी त्यावर अडून बसले आहे.

रात्रपाळी

ताई, इथं मी तुमच्या बाजूनं.

गिरगावकर

मुंबईतून एक छोटी भर. १९९० च्या दशकात आमच्याकडे बिल्डर, सिनेमावाले, हॉटेलवाले खंडणीच्या फोननं हैराण होते आणि टोळ्यांच्या गोळीबाराच्या बातम्या सतत असायच्या. तरीही शेवटच्या लोकलनं बायका प्रवास करायच्या, कारण डब्यात दुसऱ्या बायका असायच्या. १९९९ ला मोक्का आला, टोळ्या मोडल्या, त्याचं श्रेय पोलिसांना. पण आम्हाला रात्री सुरक्षित वाटायचं ते गर्दीमुळे. पुण्यात दहा-अकरानंतर पीएमपीची वाट बघत उभ्या राहिलेल्या बाईच्या शेजारी कुणीच नसतं. आधी ती बस वेळेवर आणा.

बाणेरकर

बसवर सहमत. वयाच्या मुद्द्यावर नाही. मास्तरांचा तो मुलगा माझ्या दुकानात कामाला येणार असेल तर पाठवा, एका हातानं होईल असं काम आहे माझ्याकडे. कायदा कडक हवा हे माझं म्हणणं त्यानंतरही तेच राहील.

शाळामास्तर

विचारतो त्याला. पत्ता खाजगी निरोपात द्या.

जाईजुई

आठ दिवसांनी लिहिते आहे. आम्ही चौदापैकी अकरा जण गेलो. तिघे आले नाहीत, म्हणाले आम्हाला इथंच राहायचंय. त्यांना दोष देववत नाही. सासरे फिर्यादी झाले. चार तास लागले. दोनदा "उद्या या" सांगितलं, आम्ही खुर्च्यांवर बसून राहिलो. व्हॅनवाल्या काकांनी सगळ्यांना चहा आणला, ठाण्यातल्या अंमलदारांनाही दिला. रात्री सव्वानऊला एफआयआरची प्रत हातात आली. खाकी काका, तुम्ही सांगितलेली कलमं त्यात आहेत. चौघांना ताब्यात घेतलंय, त्यातले दोघे सतरा वर्षांचे. माझ्या मुलीच्या वयाचे. तो कागद वाचताना माझा राग कमी झाला नाही, पण मास्तरांचा तो मुलगा आठवला.

आकडेमोड साहेब, या महिन्यात आमच्या ठाण्याचा आकडा एकानं वाढला असेल. तुमच्या तक्त्यात तो दिसेल तेव्हा तो आमचा आहे हे लक्षात ठेवा.

माझं मत बदललेलं नाही. ज्या गल्लीत चौदांपैकी तिघे तक्रारीला यायला घाबरतात ती गल्ली सुरक्षित नाही. मुलगी मात्र कालपासून क्लासला एकटी जाते, हट्टानं. मी गेटपर्यंत जाते आणि ती वळणाआड जाईपर्यंत उभी राहते. वळणावरचा दिवा गेले पाच महिने बंद आहे. त्याचा अर्ज उद्या देणार आहोत, यावेळी तेरा जणांच्या सह्या आहेत.